जिवंत मुलीचा दगड

मैनीच्या धाकट्या भावाला बंदूकवाले जंगलात घेऊन गेले ते माझ्यामुळे. तो तेव्हा दहा-अकरा वर्षांचा असेल आणि मी दहावीत होतो. मी चुगली केली नव्हती, कुणाशी माझं वैरही नव्हतं. मी एक भाषण केलं होतं, आणि ते फार चांगलं झालं होतं. एवढ्या वर्षांत हे वाक्य मी मनात अनेक प्रकारे मांडून पाहिलं. कधी वयाला दोष दिला, कधी नशिबाला, कधी त्या काळाला. दर वेळी वाक्य लांबत गेलं आणि मी त्यात लपत गेलो. म्हणून इथे आधी आखूड वाक्यच लिहून टाकलं. आता बाकीचं सांगायला मी मोकळा आहे, आणि बाकीचं बरंचसं चांगलं आहे. माझ्या वाट्याला जी माणसं आली त्यांच्याविषयी लिहिताना अजून हात जोडावेसे वाटतात.

आम्ही प्रताप नगरात भाड्यानं राहायचो. दोन खोल्या, मागे न्हाणीघर आणि गच्चीवर जाणारा लोखंडी जिना. त्यावर कुणी पाऊल ठेवलं की सगळ्या गल्लीला कळायचं. उन्हाळ्यात बैठकीच्या खिडकीत कुलर बसायचा आणि त्याच्या गवतावर पहिलं पाणी पडलं की घरभर ओल्या गवताचा वास सुटायचा. त्या वासात आई पोहे निवडत बसलेली, बाबा बनियनवर वर्तमानपत्र वाचताना, हेच माझं लहानपण. बाबा मूळचे पारशिवनीकडचे. शेती थोरल्या काकांनी सांभाळली, बाबा जंगल खात्यात कारकून झाले. नागपूरला बदली होण्याआधी काही वर्षं ते पार गडचिरोलीच्या पलीकडे, जिथे रस्ता संपतो आणि पावसाळ्यात एसटी येत नाही, अशा एका लाकडाच्या डेपोवर होते. आम्ही शाळेसाठी नागपुरातच राहिलो. डेपोवर एका पावसाळ्यात बाबांना हिवताप चढला. मासू नावाच्या गावकऱ्यानं तिघांना सोबत घेतलं, बाबांना खाटेवर निजवलं, दोन भरलेले नाले ओलांडले आणि त्यांना रस्त्यापर्यंत आणलं. बाबा ही गोष्ट पाहुण्यांना सांगायचे आणि शेवटी नेहमी म्हणायचे, "मी आलो नाही गा तिथून. मले आणलं."

या मासूची मुलगी मैनी. ती आमच्या घरी आली तेव्हा काविळीनं पिवळी झाली होती. मासूनं तिला धंतोलीतल्या एका दवाखान्यात आणलं, बाबांनी डॉक्टर पाहून दिला, आई डबा द्यायला जायची. तेव्हा मला वाटलं, आजारी मुलगी आहे, बरी होईल आणि जाईल. पण दवाखान्याच्या आवारातल्या कडुनिंबाखाली बाबा आणि मासू बोलत बसायचे ते काविळीबद्दल नव्हतं. त्या भागात तेव्हा जंगलातल्या सशस्त्र लोकांनी गावोगाव सांगून ठेवलं होतं की प्रत्येक घरानं एक मूल चळवळीला द्यायचं. त्यांना गावात 'दादालोक' म्हणत. मुलं आधी त्यांच्याभोवती खेळतच वाढायची. गाणी शिकायची, वाटेवर नजर ठेवायची, निरोप न्यायची. मग एक दिवस सांगितलं जायचं की हंगाम झाला की ही आमच्यासोबत येईल. मैनीला तसं सांगून झालं होतं. नाही म्हणणाऱ्या घराचं काय होतं ते मासूनं पाहिलं होतं. पोलिसांकडे जावं तर गावात खबऱ्या ठरणार, मग तर सगळंच घर जाणार.

शेवटी मासूनं ठरवलं की मैनी मेली. तो तिच्या गळ्यातली मण्यांची माळ घेऊन एकटाच गावी परतला आणि पोरगी नागपूरच्या दवाखान्यात गेली, तिथंच माती दिली, असं त्यानं सांगितलं. त्यांच्या आदिवासी समाजात मेलेल्या माणसासाठी दगड उभा करतात. उंच, पुरुषभर दगड गावाबाहेर मातीत रोवायचा, म्हणजे ते माणूस विसरलं जात नाही. मासूनं चिंचेच्या झाडाजवळ मैनीचा दगड रोवला. दादालोकही त्या दिवशी येऊन उभे राहिले म्हणे, आणि कुणी शंका घेतली नाही, कारण जिवंत माणसाचा दगड आजवर कुणी रोवला नव्हता. मासूनं बायकोलाही दगड उभा राहिल्यानंतरच खरं सांगितलं. आईचं रडणं खरं असल्याशिवाय गावाला पटलं नसतं, असं तो बाबांना म्हणाला. आज मी स्वतः बाप आहे आणि हे वाक्य मला पूर्ण समजलं असं म्हणायला धजत नाही.

इकडे मैनीला कुणीतरी व्हायला हवं होतं. बाबांनी तिला आपली भाची केलं. त्यांची बहीण, माझी कुसुमआत्या, पारशिवनीजवळच्या एका गावात दिलेली होती आणि तिला नुसते तीन मुलगे होते. बाबांनी तिला जाऊन विचारलं तेव्हा आत्या भाकरी थापत होती. थापता थापता तिनं सगळं ऐकलं आणि म्हणाली, "सांग लोकायले, कुसुमले देवानं पोरगी उशिरा देल्ली, पण वाढवून देल्ली." झालं. शाळेत मैनीचं नाव मनीषा झालं, घरी ती मैनीच राहिली.

घरमालकीण मात्र सहज पटणारी नव्हती. आत्याला मुलगी होती हे आम्ही कधी बोललो कसं नाही, तुम्ही सगळी गव्हाळ आणि ही अशी काळीसावळी कशी, असं ती आईला जिन्याखाली गाठून विचारायची. तिचं तोंड बंद झालं ते एका सकाळी. आमच्याकडे, म्हणजे विदर्भात, भाचा-भाची देवासारखी. मामा वयानं केवढाही असो, तो भाच्याच्या पाया पडतो. मैनीचा शाळेचा पहिला दिवस होता. ती दोन वेण्या घालून अंगणात उभी होती. बाबा ऑफिसचे कपडे करून बाहेर आले, पिशवी जिन्यावर ठेवली, आणि सगळ्या गल्लीसमोर वाकून त्यांनी तिच्या पायांना हात लावून तो कपाळाला लावला. मैनी घाबरून मागे सरकली. आई आतून म्हणाली, "काहून मागे जाते वं? मामा आहे तुहा." घरमालकीण दारात उभी होती. खोट्या भाचीच्या पाया पडण्याचं पाप कुणी करत नाही, एवढा हिशोब तिनं मनात केला असावा. मला बाबांचं ते वागणं नाटक वाटलं होतं. पण नंतर घरात कुणी बघत नसतानाही ते परीक्षेच्या दिवशी, संक्रांतीला, तिच्या पाया पडायचे. मग मला कळलं की नाटक फक्त घरमालकिणीपुरतं होतं.

मैनी माझ्यापेक्षा एक-दीड वर्षानं मोठी. आमच्या घराचे आवाज तिनं बदलले. ती पहाटे अंगण झाडताना गुणगुणायची आणि माझी झोप त्या गुणगुणण्यावर मोडायची. सुरुवातीला तिला आमचं जेवण जाईना. फोडणीचा वास आला की ती नाक दाबायची. आईनं मग तांदळाच्या कण्यांची पातळ पेज तिच्यासाठी रोज मातीच्या मडक्यात करून ठेवायला सुरुवात केली. शाळेतून आली की मैनी उभ्याउभ्याच वाटीभर पेज प्यायची, नि मगच बोलायची. हळूहळू तिला आईचा वडाभात इतका आवडायला लागला की भातावर कुस्करलेल्या वड्यांवरचं गरम तेल मोजून मिळतं म्हणून ती आईशी भांडायची. तिची मराठी आईच्या तोंडून आलेली, त्यामुळे अस्सल नागपुरी. मी शाळेतली मराठी बोलायचो तेव्हा ती मला 'मास्तर' म्हणून चिडवायची.

आणि कुरडया. मे महिन्यात गच्चीवर जुनी धोतरं अंथरून आई कुरडया घालायची. गहू तीन दिवस भिजवून, वाटून, त्याचा चीक काढून तो पहाटे शिजवायचा, कारण ऊन चढलं की गच्चीवर पाय ठेवता येत नाही. गरम चिकाची एक वाटी दूध-साखर घालून आम्हा दोघांना मिळायची. ती खात, सोऱ्या फिरवत मैनीनं मला तिची गोष्ट सांगितली. तुकड्यातुकड्यांनी, कुरडई घालता घालता, जशी एखादी मुलगी मामाच्या गावच्या सुट्टीबद्दल सांगते. दादालोकांनी तिला एक शिटी दिली होती. वाटेवर परकं माणूस दिसलं की ती वाजवायची. त्यांच्यातल्या एका ताईचे केस कापलेले होते आणि ती पुरुषांना हुकूम द्यायची. मी विचारलं, तुला भीती वाटायची का. ती सोऱ्या फिरवायची थांबली.

"नाही. मले जायचं होतं," ती म्हणाली. "गाणे चांगले होते त्यायचे. अन् तिकडं गेलं का लाकडं आणाची नाही, लग्न नाही. बाबानं मले फसवून आणलं इथं."

मग थोड्या वेळानं म्हणाली की जी मुलगी तिच्याआधी गेली होती ती एकदा गावाजवळून गेली, पण तिनं मैनीला ओळख दिली नाही. तेव्हापासून मात्र रात्री पोटात दुखायचं. मी हे सगळं ऐकलं. आईनं आधीच मला देवासमोर बसवून सांगितलं होतं, "हे गोष्ट या घराच्या बाहेर गेली तं तिकडं कोणाचं तरी लेकरू जाईन. समजलं का, शेखर?" मी हो म्हटलं होतं, मनापासून.

मला बोलायचा नाद होता. शाळेत वक्तृत्व स्पर्धा म्हटली की माझंच नाव. हात कुठे उचलायचा, आवाज कुठे खाली आणायचा, कुठे थांबून सभागृहाकडे पाहायचं, हे मला उपजत येत होतं असं गुरुजी म्हणायचे आणि मी ते मानायचो. त्या वर्षी विदर्भातल्या शाळांची एक मोठी स्पर्धा नागपुरात होती. विषय होता 'मला भेटलेला माणूस'. गुरुजींनी मला एका समाजसेवकावर भाषण लिहून दिलं. मी ते पाठही केलं. पण माझ्याआधीच्या दोन मुलांनी त्याच समाजसेवकाची तीच उदाहरणं दिली, टाळ्या सुकत गेल्या, आणि माझं नाव पुकारलं गेलं. व्यासपीठाच्या तीन पायऱ्या चढताना मी ठरवलं. ठरवलं हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो आहे. तोंडून निसटलं, असं म्हणणं खोटं होईल.

मी नाव घेतलं नाही. गावाचं नावही घेतलं नाही. माझी त्या वेळची अक्कल एवढीच. पण मी सांगितलं की एका चिंचेच्या झाडाजवळ एका मुलीचा दगड उभा आहे, आणि ती मुलगी आज याच शहरात एका गच्चीवर कुरडया वाळवते आहे. तिच्या बापानं तिला बंदुकीपासून वाचवायला मारून टाकलं, असं मी म्हणालो, आणि तिथे थांबून सभागृहाकडे पाहिलं. मैनी कधी माझ्यासमोर रडली नव्हती. मी तिला भाषणात रडवलं. तिला जायचं होतं, हे मात्र मी गाळलं, कारण त्यानं टाळ्या कमी झाल्या असत्या. पहिला क्रमांक मलाच मिळाला. परीक्षकबाईंनी डोळे पुसले.

बक्षीस घेऊन मी मागच्या बाजूला लिंबाचं सरबत पीत होतो. एका आश्रमशाळेचा मुलगा जवळ आला. सैल पांढरा सदरा, तेल लावून चापलेले केस. त्याला बक्षीस मिळालेलं नव्हतं. तो माझ्याकडे बघून हसला, अगदी आनंदानं.

"भाऊ, ते दगड आमच्याच वाटेवर हाय," तो म्हणाला. "मासूच्या पोरीचं. आमी समजलो मेली. बरं झालं ना, जिती हाय."

मी म्हणालो की ती गोष्ट रचलेली आहे, भाषणासाठी. तो म्हणाला, "असं काय," आणि मान हलवली, पण हसू तसंच राहिलं. त्याला चांगली बातमी मिळाली होती. दिवाळीच्या सुट्टीत घरी जाताना तो ती घेऊन जाणार होता, जशी कुणीही नेईल. त्याचा काही दोष नव्हता, हे मी इथे स्वच्छ लिहून ठेवतो.

माझी खरी चूक भाषणाची नाही. पंधरा वर्षांच्या मुलाचं भाषण देव माफ करत असेल. खरी चूक त्या दिवशी संध्याकाळची. दिवाळीला अजून अवकाश होता. मी घरी जाऊन बाबांना सांगितलं असतं तर बाबा त्याच रात्री एसटीत बसले असते. मासूनं मुलाला वेळीच कुठेतरी हलवलं असतं. मी घरी गेलो आणि सांगितलं की झाडं लावण्यावर बोललो. आईनं वडाभात केला. मैनीनं माझा चषक रेडिओवर ठेवला, आणि पुढे दर रविवारी ती तो चिंचेनं घासून लखलखीत करायची. मी रोज ठरवायचो, उद्या सांगू. चषक रोज दिसायचा.

दिवाळीनंतर थंडी पडली तेव्हा मासू आला. दारात उभा राहिला तेव्हा आईला वाटलं लेकीला भेटायला आला. खुर्ची दिली तरी तो जमिनीवर बसला. त्यानं धडुत्यातून आईसाठी चारोळी आणली होती, ती आधी काढून दिली. मग सावकाश सांगितलं. धान कापायचे दिवस होते. दादालोक भर दिवसा आले आणि दगडाजवळ बसले. त्याला बोलावलं. हा दगड कुणाचा, असं विचारलं. मारलं नाही. हात लावला असता तर बरं झालं असतं, तो म्हणाला. ते म्हणाले, दगड खोटा आहे, म्हणजे तुझ्या घराचं देणं अजून बाकी आहे. त्याचा मुलगा चिन्ना जेवत होता. त्याचं जेवण होऊ दिलं. मग एकाची पिशवी त्याच्या खांद्यावर दिली. पिशवीत रेडिओ होता म्हणून पोरगं खूश होतं, मागे वळून पाहायचंही त्याच्या ध्यानात आलं नाही.

मी दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभा होतो.

कुठून कळलं, असं बाबांनी विचारलं तेव्हा मासूनं हात पसरले. पोरं बोलत होती, एवढंच त्याला ठाऊक होतं. तेव्हा मैनी म्हणाली, "मीच बोलली."

महिन्यापूर्वी आईचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं होतं, धंतोलीतच, आणि मैनी तिच्याजवळ राहायची. तिथल्या व्हरांड्यात तिच्याच भागातली एक म्हातारी होती. नर्सेसना तिचं काही समजेना, म्हातारी नुसती पोट दाबून रडत होती. मैनीला राहवलं नाही. ती तिच्याशी त्यांच्या भाषेत बोलली, तिचं दुखणं नर्सला मराठीत सांगितलं, आणि म्हातारीनं विचारलं म्हणून आपण कुठल्या बाजूच्या तेही सांगितलं. "माह्या तोंडानं गेला चिन्ना," ती म्हणाली. आईनं तिला जवळ घेतलं. मासू म्हणाला, माणूस दुखत असलं तर बोलावंच लागतं, त्यात पाप नाही. मैनीनं ते ऐकलं नाही.

आणि मी तांब्या खाली ठेवला आणि आत गेलो. एक वाक्य होतं. तेवढ्या सभागृहात ज्याचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला होता, त्याला त्या दहा फुटी खोलीत ते बोलता आलं नाही.

त्या दिवसापासून मैनीनं तिची भाषा टाकली. पहाटेचं गुणगुणणं बंद झालं. मासू पुढे आला की ती त्याच्याशीही मराठीत बोलायची आणि तो मोडक्या मराठीत उत्तर द्यायचा. बापलेक असे बोलताना ऐकणं कठीण होतं. ती शिकली, नर्स झाली, धंतोलीतच लागली. प्रकाश नावाच्या एक्स-रे काढणाऱ्या सज्जन माणसाशी तिनं लग्न केलं, तेव्हा बाबांनी मामा म्हणून तिला मांडवात आणलं. माझ्या मोठ्या आजारपणात सलग कित्येक रात्री तिनं जागून काढल्या. आईच्या शेवटच्या दिवसांत आईचं सगळं तिनं केलं, माझ्या बायकोला हात लावू दिला नाही. बाबा गेले तेव्हा ती माझ्यापेक्षा जास्त रडली. हे सगळं मी घेतलं. तिची माझ्यावर जी माया होती ती मी आयुष्यभर घेत राहिलो.

एकदा मी तिच्या वॉर्डात डबा द्यायला गेलो होतो. तिकडच्या एका म्हाताऱ्याला डॉक्टर खुणांनी काही विचारत होते, त्याला कळत नव्हतं. कुणी त्याची भाषा जाणतं का, असं डॉक्टरांनी मोठ्यानं विचारलं. मैनी चार पावलांवर उभी होती. ती औषधाच्या ट्रेकडे वळली आणि बाटल्या सरळ करत राहिली. तिचा चेहरा मला दिसला. तरीही मी बोललो नाही. पन्नाशीकडे आलेल्या माणसानं लहानपणाला दोष देऊ नये. त्या वॉर्डातला मी लहान नव्हतो.

चिन्ना परत आला. याबद्दल मी ज्याचे मानावे त्याचे आभार मानतो, कारण बरीच मुलं आली नाहीत. वयात आल्यावर तो एकदा चालत बाहेर पडला आणि त्यानं स्वतःला पोलिसांच्या हवाली केलं. जंगलात त्यानं भात शिजवला, पहारे दिले, आपल्यापेक्षा उंच बंदूक वाहिली. बाकी काय पाहिलं ते मी विचारलं नाही, आणि सांगितलं असतं तरी इथे लिहिलं नसतं, ते त्याचं आहे. स्फोटात त्याचा डावा कान गेला. निवृत्त झालेल्या बाबांनी चपला झिजवून त्याला नागपूरजवळच्या रोपवाटिकेत कामाला लावलं. आज तो रोपांच्या पिशव्या भरतो, सागाची रोपं त्याच्या हातची एकही मरत नाही असं म्हणतात, आणि हसतो फार. मला तो 'भाऊ' म्हणतो. 'दादा' हा शब्द तो कुणालाच लावत नाही. सुरुवातीला तो बहिणीशी त्यांच्या भाषेत बोलायला जायचा. ती मराठीत उत्तर द्यायची. पुढे त्यानं सोडून दिलं.

गेल्या हिवाळ्यात मैनीच्या मुलीचं, रेवतीचं लग्न ठरलं. मैनी घरी आली आणि माझ्या बायकोसमोर म्हणाली, "रेवतीले दोन मामा आहे. तू अन् चिन्ना. दोघंही तिच्या मागं उभे राहा." म्हणजे रिवाजाप्रमाणे मी आणि चिन्नानं त्या मुलीच्या पाया पडायचं, आणि दोन बाजूंनी तिला बोहल्यावर न्यायचं. मला बाबा आठवले, ऑफिसच्या कपड्यात अंगणात वाकलेले. त्यांची भाची खोटी होती आणि ते खरे वाकले. माझी खरी होती, आणि मला खोटं वाकावं लागणार होतं. ते मला जमेना.

शेवटचा प्रसंग सांगण्याआधी पुढचं सांगून टाकतो, कारण हे प्रकरण मला माझ्या वाक्यावर संपवायचं आहे, तिच्या मोठेपणावर नाही. मी सगळं सांगितल्यानंतर मैनी बरेच दिवस माझ्याशी बोलली नाही. मी फोन केला नाही, तो हक्क माझा नव्हता. लग्नाला दोन दिवस असताना रेवतीचा फोन आला, आई म्हणते मामाला फेटा बांधायचा आहे, लवकर या. मी गेलो, वाकलो. मैनी माझ्याकडे न बघता म्हणाली, "नीट बांध फेटा, मास्तर." आता परवा मी धंतोलीत एका नातेवाइकाला बघायला गेलो होतो. वॉर्डाबाहेरच्या बाकावर एक म्हातारी बसली होती आणि निवृत्तीला आलेली एक नर्स तिच्यापुढे उकिडवी बसून तिच्याशी बोलत होती, भरभर, हातवारे करत, मध्येच हसत. मला एक शब्द समजला नाही. मी खांबामागे उभा राहून ऐकत राहिलो. तसलं काही ऐकायला मिळावं अशी माझी लायकी नव्हती, तरी मिळालं.

तर तो दिवस. मैनीच्या घरी लग्नाचे लाडू वळायला घेतले होते. स्वयंपाकघरात जमिनीवर परात, मैनी, चिन्ना आणि मी. रेवती बाहेर कुणाशी फोनवर. चिन्ना प्रत्येक चौथा लाडू खात होता आणि मैनी त्याच्या हातावर चापट मारत होती. मी म्हणालो की मला काही सांगायचं आहे. माझा आवाज इतका खाली गेला की मलाच तो ओळखू येईना. मी परातीकडे बघत, सभागृह, दगड, सैल सदऱ्यातला मुलगा, सगळं सांगितलं. मैनीचा हात लाडवावर थांबला. तिनं तो लाडू खाली ठेवला नाही की वळलाही नाही. चिन्ना दोघांकडे आळीपाळीनं बघत होता. मी त्याच्या डाव्या बाजूला बसलो होतो.

"काय म्हणून राहिले, भाऊ?" तो म्हणाला, हसतच. "या कानानं नाही येत ऐकू. इकडून सांगा. मोठ्यानं सांगा."

मी उठलो. परातीला वळसा घालून त्याच्या उजव्या बाजूला जाऊन बसलो. बाहेर रेवतीचं बोलणं थांबलं होतं. आणि मी मोठ्यानं सांगितलं, मैनीला ऐकू येईल, बाहेर ऐकू येईल असं.

"चिन्ना, तुह्या बहिणीनं काही नाही केलं. ते म्हातारी नव्हती, मी होतो. बक्षिसासाठी मी तुह्या घरची गोष्ट चारचौघांत सांगतली, अन् ते तिकडं जाणार हे मले त्याच दिवशी समजलं होतं, तरी मी घरी बोललो नाही. तुले नेलं ते माह्यामुळं. अन् मैने, तू सारं आयुष्य माहं ओझं उचललं अन् मी उचलू देल्लं. मी चुकलो. मले माफ करा."